हिशेबाची वही, लेखांक 17 : बारा आण्यांचा मसाला

गेल्या आठवड्यात इन्व्हर्टरच्या बॅटरीवर लिहिलं आणि रविवारी सकाळी नाशिकहून ताईचा फोन आला. "बॅटरीचं राहू दे. हे गेमचं यंत्र काय प्रकरण आहे ते सांग. पंचावन्न हजार म्हणतोय हा." मागून भाच्याचा आवाज आला, "मामा, पंचेचाळीसमध्येपण येतो!"

दोघंही बरोबर होते. सोनीने प्लेस्टेशन 5 चं स्लिम रूप एप्रिल 2024 मध्ये भारतात आणलं तेव्हा डिस्क घालता येणाऱ्या यंत्राची किंमत 54,990 रुपये होती आणि डिस्कची खाच नसलेल्या 'डिजिटल' यंत्राची 44,990. (दुकानाची पायरी चढण्याआधी त्या दिवसाचा भाव बघून घ्यावा. हे आकडे स्थिर राहत नाहीत, त्याबद्दल पुढे येतंच आहे.) मायलेकांचा वाद या दोन आकड्यांवर चालला होता. माझं म्हणणं असं की दोन्ही आकडे तूर्त बाजूला ठेवावेत. कन्सोल ही चार आण्यांची कोंबडी आहे, आणि तो बनवणाऱ्यांचं सगळं लक्ष बारा आण्यांच्या मसाल्यावर असतं.

हा धंदाच तसा रचलेला आहे. 2006 साली प्लेस्टेशन 3 अमेरिकेत आला तेव्हा त्याचं महागडं रूप 599 डॉलरना विकलं जात होतं. आयसप्लाय या संस्थेने तो उघडून सुट्या भागांचा हिशेब केला, तर बनवण्याचा अंदाजे खर्चच 840 डॉलरच्या घरात निघाला. म्हणजे एका नगामागे अडीचशे डॉलरच्या आसपास तोटा, तोही ठरवून. मायक्रोसॉफ्टच्या एका अधिकारी बाईंनी तर 2021 मध्ये एपिक विरुद्ध ॲपल खटल्यात शपथेवर सांगितलं की एक्सबॉक्सच्या यंत्रविक्रीवर कंपनीने कधीच नफा कमावलेला नाही. मग पैसा येतो कुठून? कंपनीच्या ऑनलाइन दुकानात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममागे साधारण 30 टक्के कंपनीकडे जातात, शिवाय सभासदत्वाची वर्गणी, कंट्रोलर, हेडफोन. आवळा देऊन कोहळा काढायचा तो असा. सोनीने डिस्कवाला प्लेस्टेशन 5 तोट्यात विकणं 2021 च्या मध्यावरच थांबवलं, म्हणजे आता आवळ्याचेही पैसे वसूल होतात. पण रचना तीच राहिली.

या रचनेमुळे पूर्वी एक सोय होती. यंत्राचे भाग स्वस्त झाले की कंपनी किंमत उतरवायची, कारण जितकी यंत्रं घरोघरी जातील तितका मसाला खपेल. प्लेस्टेशन 2 अमेरिकेत 2000 साली 299 डॉलरना आला, 2002 मध्ये 199 वर उतरला आणि 2009 मध्ये 99 वर. जगभरात तो 16 कोटींच्या आसपास खपला त्यामागे हेही एक कारण. तेव्हा "दोन वर्षं थांब, अर्ध्यात मिळेल" हा सल्ला सोळा आणे खरा होता आणि मी स्वतः तो अनेकांना दिलेला आहे.

आता तो सल्ला मागे घेतो. प्लेस्टेशन 5 भारतात 2 फेब्रुवारी 2021 ला आला तो 49,990 रुपयांना, आणि 2022 संपता संपता तोच 54,990 चा झाला. अमेरिकेत 499 डॉलरचं यंत्र ऑगस्ट 2025 मध्ये 549 च्या पार गेलं. पाच वर्षं जुनं यंत्र महाग होत जातंय, हे या धंद्यात नवीनच. चिप पूर्वीच्या वेगाने स्वस्त होत नाहीत, त्यात रुपया घसरतो, आयात शुल्क असतंच. डिसेंबर 2018 मध्ये जीएसटी परिषदेने व्हिडिओ गेम कन्सोल 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आणले, तेवढाच काय तो दिलासा. थांबायचंच असेल तर सणापर्यंत थांबावं. दिवाळीच्या सुमारास पाच हजारांची सवलत भारतात दिली गेलेली आहे. त्यापलीकडे वर्षानुवर्षं वाट बघण्यात हाती काही लागत नाही.

आता भाच्याचे ते वाचणारे दहा हजार. ताईला तो मुद्दा पटला होता आणि वरवर बघता तो पटण्यासारखाच आहे.

डिस्क म्हणजे वस्तू. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीच्या आसपास दुकानदार तिला अजून 'सीडी'च म्हणतात. वस्तू असल्यामुळे ती वापरून विकता येते, मित्राला देता येते, मित्राची आणता येते. डिजिटल गेम तुमच्या खात्याला चिकटलेला असतो. तो विकता येत नाही, आणि विकणारं दुकान जगात एकच, ते म्हणजे यंत्र बनवणाऱ्या कंपनीचं. गिऱ्हाईक एका दुकानाला बांधलं गेलं की काय होतं हे रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्या पिढीला सांगायला नको.

सोनीचे स्वतःचे मोठे गेम प्लेस्टेशन 5 वर 4,999 रुपयांना येतात. वर्षाला चार धरले तर तीन वर्षांत बारा, म्हणजे 59,988 रुपये. यंत्रापेक्षा मसाला महाग झाला तो इथे. अर्थात शहाणा माणूस पहिल्या दिवशी घेत नाही. कंपनीच्या दुकानातही सेल लागतात. वर्षभर जुना गेम अडीच हजारांत मिळाला असं धरू, म्हणजे बाराचे 30,000. डिस्कवाला तीच सीडी सेकंडहँड घेतो आणि खेळून झाली की विकतो. घासाघीस करता येत नसली तरी एका गेममागे निव्वळ दीड हजार गेले असं धरू, म्हणजे 18,000. यंत्रात वाचवलेले दहा हजार, गेममध्ये गेलेले बारा हजार. शिवाय घरात जुन्या प्लेस्टेशन 4 च्या सीड्या असतील तर त्या जवळजवळ सगळ्या नव्या डिस्कवाल्या यंत्रात चालतात. डिजिटल यंत्रात त्या चहाच्या कपाखाली ठेवायच्या. पोरगा फक्त फोर्टनाइटसारखे फुकट गेम खेळणार असेल तर मात्र डिजिटल घ्यावा. खाचेचे दहा हजार तिथे खरंच वाया जातील.

तर मी वही काढली आणि भाच्याला व्हिडिओ कॉलवर बसवला. तीन वर्षांचा खर्च, डिस्कवालं यंत्र धरून: यंत्र 54,990, बारा गेम 18,000, आणि दुसरा कंट्रोलर सहा हजारांच्या आसपास (भारतात तो आला तेव्हा 5,990 होता). मग वर्गणी. इंटरनेटवरून मित्रांशी विकतचे गेम खेळायचे तर प्लेस्टेशन प्लसचं सभासदत्व लागतं. सप्टेंबर 2023 मध्ये त्याच्या सर्वांत साध्या पातळीचे वर्षाचे 2,999 चे 3,949 झाले. तीन वर्षांचे 11,847. वीज तुलनेने किरकोळ. यंत्र खेळताना 200 वॅटच्या आसपास ओढतं, रोज दोन तास म्हणजे महिन्याला 12 युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी 120 रुपये, तीन वर्षांचे 4,320. टीव्ही आहे तोच चालेल, हे मी ताईला तीनदा सांगितलं, कारण दुकानात गेल्यावर टीव्हीचाही विषय निघतो.

बेरीज 95,000 च्या वर गेली. पलीकडे शांतता.

या शांततेतच खर्चाचा खरा आकडा ठरतो असा माझा अनुभव आहे. "कन्सोलवर किती खर्च करू?" हा प्रश्न उलटा विचारला पाहिजे. महिन्याला घर किती सोसेल ते आधी ठरवायचं, त्यातून गेम, वर्गणी, वीज वजा करायची आणि जे उरेल ते यंत्राला. ताई म्हणाली, दोन हजार. छत्तीस महिन्यांचे 72,000.

"बारा गेम कोणते, लिही," मी भाच्याला म्हटलं. त्याने पाच लिहिले. सहाव्याला पेन थांबलं. पाचांत एक क्रिकेटचा, एक फुटबॉलचा (तोच तो मित्रांशी खेळणार, म्हणून वर्गणी आलीच), एक स्पायडरमॅन आणि एक मारामारीचा. पाचवा जीटीए 6. या गेमची तारीख आधी 2025 सांगितली होती, मग 26 मे 2026, मग 19 नोव्हेंबर 2026. हाती न आलेल्या गेमसाठी यंत्र घेऊ नये, हे मी त्याला सांगितलं. त्याला ते पटलं नाही. यादीत नाव राहिलं.

मध्येच न्यू जर्सीच्या चुलतभावाकडून मागवायचा विचार निघाला. प्लेस्टेशन 5 ला आपला 230 व्होल्टचा पुरवठा चालतो, फक्त पिन बदलावी लागते, आणि गेमवर देशाचं बंधनही नाही. पण बिघडला तर इथे वॉरंटीच्या नावाने बोंब. निन्टेन्डोचं स्विच तर अधिकृतपणे भारतात विकलंच जात नाही, ते येतं ते सगळं असंच बाहेरून. नोव्हेंबर 2024 चा 699 डॉलरचा प्लेस्टेशन 5 प्रो इथे आला नाही, कारण त्यातल्या वायफायला लागणारा 6 गिगाहर्ट्झचा पट्टा तेव्हा आपल्याकडे खुला नव्हता. भाच्याला हे सगळं माझ्याआधी माहीत होतं.

एक्सबॉक्सचं काय, असं ताईने विचारलं. सिरीज एस 2020 मध्ये इथे 34,990 ला आला होता, पण त्यालाही डिस्कची खाच नाही. त्याचा भर गेम पासच्या मासिक वर्गणीवर, म्हणजे गेम विकत न घेता भाड्याने वापरायचे. हे गणित छान जुळायचं. पण ऑक्टोबर 2025 मध्ये या वर्गणीची वरची पातळी अमेरिकेत महिन्याला 19.99 डॉलरवरून एकदम 29.99 वर गेली. भाडं किती वाढवायचं हे घरमालक ठरवतो.

राहता राहिला बिनव्याजी हप्ता. त्यात व्याज असतं. दुकानदार तेवढी सूट आधी देतो म्हणून ते दिसत नाही, पण बँक व्याज लावते आणि त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी तुमच्याकडून घेते. 54,990 चे बारा हप्ते, व्याज 16 टक्के धरलं तर हा कर आठशेच्या आसपास जातो, वर प्रोसेसिंग फी वेगळी. शिवाय रोख सवलत हातची जाते ती कोणी मोजतच नाही. ताईकडे पैसे होते, तिने तो विषय तिथेच संपवला.

मग वजाबाकी. 72,000 मधून वीज 4,320, वर्गणी 11,847, आणि पाच गेमचे, दीड हजारांच्या दराने, 7,500. उरले 48,333. दुसरा कंट्रोलर संक्रांतीनंतर बघू असं ठरलं, म्हणजे भाच्याने ते ऐकून घेतलं. दिवाळीत पाच हजारांची सवलत लागली तर डिस्कवालं यंत्र 49,990 ला पडेल. कमी पडतात 1,657 रुपये.

ताईने तो आकडा दोनदा तपासला. मग म्हणाली, "दिवाळीतच घ्यायचा ना? मग भाऊबीज आहेच." मला कोणी काही विचारलं नाही. भाच्याने वहीत माझं नाव लिहिलं आणि पुढे 1,657.