मध्यंतर झालं, पण दिवे लागलेच नाहीत!

न्यू जर्सीतल्या एडिसनला हिंदी सिनेमा लागलाय. नायकाला गोळी लागते, पार्श्वसंगीत टिपेला जातं, पडद्यावर ठसठशीत अक्षरांत 'इंटरव्हल' उमटतं... आणि लगेच पुढचा प्रसंग सुरू! दिवे नाहीत, बटाटेवडा नाही, चहा नाही. अमेरिकेतल्या थिएटरांत मध्यंतराची पद्धतच नाही. आपले सिनेमे मात्र मध्यंतर धरूनच लिहिलेले असतात, त्यामुळे पाटी तशीच राहते आणि दोन क्षणांत निघून जाते. तिथले जुनेजाणते देशी प्रेक्षक पाटी दिसताच ताडकन उठून बाहेर धावतात. नवखे बिचारे दिवे लागायची वाट बघत बसतात.

मग निसर्गाची हाक आली तर? त्यासाठी चक्क एक ॲप आहे. डॅन फ्लोरिओ या अमेरिकन गृहस्थांना 'किंग काँग' (२००५) हा तीन तासांवरचा सिनेमा बघताना फार अवघडल्यासारखं झालं. त्यातून २००८ मध्ये 'रनपी' जन्माला आलं. कोणत्या प्रसंगाला उठलात तर फारसं काही चुकणार नाही, हे ते आधीच सांगतं. ती वेळ आली की खिशातला फोन थरथरतो आणि परत येईपर्यंत काय घडलं तेही थोडक्यात वाचायला मिळतं. तीन-सव्वातीन तासांचे सिनेमे बघणाऱ्या आपल्या मंडळींना याहून उपयोगी शोध कोणता!

मध्यंतराची चटक लागलेल्यांनी युरोप गाठावा. स्वित्झर्लंडमध्ये बऱ्याच थिएटरांत अजूनही मध्यंतर होतं. आइसलँडमध्येही होतं, तुर्कस्तानात होतं, नेदरलँड्समध्येही अनेक ठिकाणी होतं. हॉलिवूडच्या दिग्दर्शकाने तशी जागा ठेवलेलीच नसते, म्हणून पात्राचं वाक्य अर्धवट तोडून दिवे लागतात. आपल्याकडे इंग्रजी सिनेमाचं हेच होतं. मला मध्यंतर हवंच वाटतं. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशी 'आता पुढे काय होईल' यावर दोन शब्द बोलायची सोय त्याच्याशिवाय कुठे होणार?

वार कोणता, दर कोणता

आपल्या हाडात शुक्रवार मुरलेला. पण फ्रान्समध्ये नवा सिनेमा बुधवारी लागतो. बुधवार हा तिथे शाळांच्या सुट्टीचा वार ठरला आणि सिनेमेही त्याच्या मागोमाग गेले. जर्मनीत गुरुवार. अमिरातीतही गुरुवार, त्यामुळे दुबईतली मराठी मंडळी कित्येक हिंदी सिनेमे मुंबईच्या एक दिवस आधी बघतात आणि गुरुवारी रात्रीच दादर-डोंबिवलीच्या नातेवाइकांना फोन लावतात. शेवट फोडायचा नाही, एवढं पथ्य पाळलं की झालं.

दरांच्या गमती तर विचारू नका. जर्मनीत सिनेमा ठरावीक वेळेपेक्षा लांब असला तर बरीच थिएटरं तिकिटावर 'जादा लांबी'चा अधिभार लावतात. म्हणजे आपला हिंदी किंवा तेलुगू सिनेमा बघायचा तर थोडे पैसे वरकड जायचेच. जपानमध्ये मोठ्या साखळ्यांत साधं तिकीट २०२३ पासून २,००० येनांवर गेलंय. तिथले जाणकार महिन्याच्या १ तारखेची वाट बघतात, कारण त्या दिवशी सगळ्यांनाच घसघशीत सवलत असते. अमेरिकेत सवलतीचा वार बहुतेक ठिकाणी मंगळवार. फ्रान्समध्ये १९८५ पासून दर उन्हाळ्यात 'फेत द्यु सिनेमा' म्हणजे सिनेमाचा उत्सव असतो. अलीकडे त्या चार दिवसांत कुठलाही सिनेमा ५ युरोंत! शिवाय फ्रान्समध्ये एरवीही प्रत्येक तिकिटावरच्या कराचा पैसा सिनेमाच्याच कामी येतो, मग सिनेमा हॉलिवूडचा का असेना. परक्या सिनेमाच्या गल्ल्यातून आपला सिनेमा पोसायचा, ही युक्ती मला फार आवडते.

लहान मुलं बरोबर आहेत? थांबा!

परदेशात नव्याने गेलेल्या आईबाबांची पहिली फजिती तिकीट-खिडकीवर होते. ब्रिटनमध्ये '१५' किंवा '१८' असा शिक्का असलेल्या सिनेमाला त्याहून लहान मूल नेता येत नाही, आईवडील सोबत असले तरीही. झोपलेलं तान्हं बाळ कडेवर असलं तरी नेहमीच्या खेळाला नकारच. '१२ए' हा शिक्का २००२ मध्ये आला. तिथे मात्र मोठं माणूस सोबत असलं की बारापेक्षा लहान मूल चालतं. अमेरिकेत उलटं. 'आर' दर्जाच्या सिनेमालाही सतराच्या आतलं मूल पालकांबरोबर जाऊ शकतं. सिंगापुरात तर 'आर२१' आहे, म्हणजे एकवीस पूर्ण झाल्याशिवाय प्रवेश नाही.

जर्मनीने तर घड्याळच आणलंय मध्ये. तिथला युवासंरक्षण कायदा सांगतो: सहा ते तेरा वर्षांचं मूल एकटं आलं असेल तर सिनेमा रात्री ८ च्या आत संपला पाहिजे. सोळाच्या आतल्यांसाठी १०, अठराच्या आतल्यांसाठी रात्री १२. पालक बरोबर असतील तर घड्याळाची अट नाही.

आणि तान्हं बाळ घरी असल्यामुळे सिनेमाच बंद पडलेल्या आयांसाठी ब्रिटनमध्ये अनेक थिएटरं सकाळचे खास खेळ लावतात. दिवे अर्धवट चालू, आवाज कमी, बाळ रडलं तरी कुणी वळून बघत नाही. आपल्याकडे पुण्या-मुंबईत ही सोय सर्रास व्हायला हवी.

खारं की गोड?

जर्मनीत 'पॉपकॉर्न द्या' म्हटलं की बहुधा साखरेचं मिळतं. खारं हवं असेल तर तसं सांगावं लागतं. कोरियात लोण्यावर भाजलेला स्क्विड सिनेमा बघता बघता चघळतात. वास दरवळतो, पण कोकणातल्या माणसाला त्याचं काय! ऑस्ट्रेलियात 'चॉक-टॉप', म्हणजे कोनावरचं आइस्क्रीम आणि त्यावर चॉकलेटचं कडक टोपण. ते थिएटरातच खायचं.

जपान: पिनड्रॉप शांतता आणि कागदी फुलं

जपानच्या थिएटरात सिनेमा संपला तरी कुणी उठत नाही. शेवटची नामावली पूर्ण सरकेपर्यंत, दिवे लागेपर्यंत, अख्खं थिएटर स्तब्ध. स्पॉटबॉयचंही नाव वाचलं जातं. 'समाप्त' दिसायच्या आत पार्किंगकडे पळणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे एकदा अनुभवावंच.

आणि याच देशात रजनीकांतच्या 'मुथु'ने १९९८ मध्ये धुमाकूळ घातला होता. भारतीय सिनेमाचा तो तिथला विक्रम तब्बल चोवीस वर्षं टिकला. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये 'आरआरआर' लागला तेव्हा कुठे तो मोडला.

या प्रेमातून तिथे एक भन्नाट प्रकार रुजलाय: 'मसाला' खेळ. एरवी हूं की चूं न करणारे प्रेक्षक या खेळाला खंजिऱ्या, दोरी ओढली की फुटणारे कागदी फटाके आणि घरी कात्रीने कापलेले रंगीत कागदाचे कपटे पिशव्या भरभरून आणतात. काही जणी साडी नेसून येतात. नायकाची एन्ट्री झाली की फटाके फुटतात, गाण्याला पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत नाच, खलनायकाला आरडाओरडा, आणि कपट्यांचा पाऊस पडतो तो असा की खुर्च्यांमधली वाट दिसेनाशी होते. आमच्या लहानपणी तालुक्याच्या टुरिंग टॉकीजमध्ये चिल्लर उधळली जायची, तोच जोश! फरक एवढाच की खेळ संपल्यावर ही मंडळी स्वतःच वाकून कपटे गोळा करतात. अमागासाकी शहरातलं 'त्सुकागुची सनसन' हे छोटेखानी थिएटर अशा खेळांसाठी नावाजलेलं आहे. जपानात असाल तर वाट वाकडी करून जा.

शाहरुख जर्मन बोलतो

जर्मनी, इटली, स्पेन हे देश परदेशी सिनेमा आपल्या भाषेत ऐकतात. जर्मनीत एका नटाला वर्षानुवर्षं एकच आवाज असतो. रॉबर्ट डी नीरो म्हणजे ख्रिश्चन ब्रुक्नर, हे तिथल्या प्रेक्षकाच्या कानाला पक्कं ठाऊक. २००४ मध्ये 'कभी खुशी कभी गम' तिथल्या टीव्हीवर जर्मनमध्ये झळकला आणि शाहरुखवर जर्मन बायका फिदा झाल्या. त्याचा तिथला आवाज पास्कल ब्रॉयर यांचा. मूळ भाषेतला खेळ हवा असेल तर जर्मनीत 'ओव्ही' किंवा 'ओएमयू' आणि फ्रान्समध्ये 'व्हीओ' ही अक्षरं तिकिटावर आहेत ना, हे बघून घ्या. नाहीतर टॉम क्रूझ अडीच तास अस्खलित जर्मन बोलेल.

झुरिच, ब्रुसेल्स आणि हेलसिंकीत आणखी मजा: खाली एकाच वेळी दोन भाषांची सबटायटल्स. झुरिचला जर्मन-फ्रेंच, ब्रुसेल्सला डच-फ्रेंच, हेलसिंकीला फिनिश-स्वीडिश. भाषा शिकणाऱ्यांनी या शहरांत दर आठवड्याला सिनेमाला जावं, क्लासची निम्मी फी वाचेल.

उभे राहा!

थायलंडमध्ये सिनेमाआधी राजगीत वाजतं आणि पडद्यावर राजाची चित्रं येतात. महाराष्ट्रात २००३ पासून राष्ट्रगीताला उभं राहणाऱ्या आपल्या लोकांना यात काही नवल वाटत नाही, इतर पर्यटक मात्र गोंधळतात.

सौदी अरेबियाची गोष्ट वेगळीच. तीन दशकांहून अधिक काळ तिथे सार्वजनिक सिनेमागृहच नव्हतं. शौकीन लोक समुद्रावरचा पंचवीस किलोमीटरचा पूल ओलांडून बहारीनला जायचे, सिनेमा बघायचे आणि परत यायचे. १८ एप्रिल २०१८ ला रियाधमध्ये 'ब्लॅक पँथर'ने पडदा उघडला. त्याच जूनमध्ये तिथे 'काला' लागला. रजनीकांत आणि नाना पाटेकरांचा, मुंबईतल्या धारावीत घडणारा सिनेमा, सौदीतला पहिला भारतीय सिनेमा ठरला!

आकाशाखाली

ऑस्ट्रेलियाच्या वायव्य टोकाला ब्रूम नावाच्या गावी 'सन पिक्चर्स' आहे. १९१६ पासून चालू असलेलं, जगातल्या सर्वांत जुन्या उघड्या थिएटरांपैकी एक. बसायला कापडी आरामखुर्च्या. विमानतळ इतका जवळ की ऐन संवादात डोक्यावरून विमान जातं. अथेन्सला 'सिने थिसिओ'त मान जराशी वळवली की अ‍ॅक्रोपोलिस दिसतं. आणि गाडीत बसून सिनेमा बघायची सोय रिचर्ड हॉलिंग्जहेड यांनी ६ जून १९३३ ला न्यू जर्सीतच सुरू केली. गाडीचे २५ सेंट, माणशी २५ सेंट, आणि सगळं कुटुंब आलं तरी एका डॉलरवर घ्यायचे नाहीत. हल्ली अशा ठिकाणी आवाज गाडीच्या एफएम रेडिओवर येतो.

आपला माणूस, लंडनमध्ये

सिनेमाच्या नादाने परदेश गाठलेला सर्वांत थोर मराठी माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. १९१२ मध्ये ते लंडनला गेले. ओळखदेख कुणाची नाही. 'बायोस्कोप' साप्ताहिकाची पाटी दिसली आणि ते थेट संपादकांच्या कचेरीत शिरले. त्या संपादकांनी त्यांना वॉल्टनला सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत पाठवलं. विल्यमसन कॅमेऱ्याची खरेदी करून दादासाहेब परतले, आणि ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. १९१४ मध्ये ते पुन्हा लंडनला गेले ते 'राजा हरिश्चंद्र', 'मोहिनी भस्मासुर' आणि 'सत्यवान सावित्री' दाखवायला. दोन वर्षांत शिकाऊचा निर्माता! हा अभिमान मराठी माणसाने उघडपणे बाळगावा.

त्याच लंडनच्या साउथॉलमध्ये १९२९ ची एक देखणी इमारत आहे. जॉर्ज कोल्स यांनी ती चिनी धाटणीत बांधली, वर ड्रॅगनसुद्धा आहेत. पुढे तिथे 'लिबर्टी' नावाने हिंदी सिनेमे लागायला लागले. ऐंशीच्या दशकात घराघरांत व्हिडिओ आला आणि थिएटरचा बाजार झाला. २००१ मध्ये 'हिमालय पॅलेस' म्हणून पुन्हा पडदा लागला, २०१० मध्ये तोही उतरला. प्रेक्षक घरी बसले की थिएटर कसं जातं, याचा हा दगडविटांतला पुरावा आहे.

म्हणून परदेशातल्या मराठी वाचकांना एक कळकळीची विनंती. तुमच्या गावी मराठी सिनेमाचा खेळ बहुधा एकच लागतो, तोही शनिवारी किंवा रविवारी, आणि मंडळातल्या कुणीतरी खटपट केल्यामुळे. 'बघू, आयत्या वेळी जाऊ' म्हणू नका. आगाऊ तिकिटं खपलेली दिसली तरच थिएटरवाला मोठा पडदा देतो, आणि पुढच्या आठवड्याचे खेळ बहुतेक ठिकाणी सोमवारी, शनिवार-रविवारचा गल्ला बघून ठरतात. तिकीट बुधवारीच काढा, आणि एखाद्या अमराठी शेजाऱ्यालाही सोबत न्या. सबटायटल्स असतात.