बेअरिंग नवे, तरी घरघर का?

मोटारीच्या चाकातून घरघर येऊ लागली, म्हणून मेकॅनिकने बेअरिंग बदलले. गाडी रस्त्यावर आली आणि आवाज पुन्हा सुरू! मग नवे बेअरिंगच सदोष म्हणायचे का? थांबा, आधी तपास करू.

बेअरिंगमध्ये एकात एक अशी दोन पोलादी कडी असतात आणि त्यांमधील खाचांत छर्रे फिरतात. घासत जाण्यापेक्षा गडगडत जाण्यात घर्षण कमी, हे त्यामागचे तत्त्व. छर्रा कड्याला अगदी लहानशा जागी टेकतो. म्हणून तेथील दाब प्रचंड असतो.

पहिला प्रश्न: आवाज बेअरिंगचाच आहे का? उंचसखल झिजलेला टायरही अशीच घरघर करतो. एकाच बाजूची पुढची-मागची चाके अदलाबदल करून पाहावीत. आवाज चाकाबरोबर गेला, तर दोष टायरचा. जागीच राहिला, तर बेअरिंगचा संशय बळावतो.

दुसरा प्रश्न: कोणत्या बाजूचे? गाडी डावीकडे वळताना जडत्वामुळे उजव्या चाकांवरचा भार वाढतो. तेव्हा आवाज वाढला, तर दोष बहुधा उजव्या बाजूस. खराब बेअरिंग तसेच ठेवून चांगलेच बदलले गेले, असेही घडते!

तिसरा प्रश्न: बसवताना चूक झाली का? बाहेरचे कडे घट्ट बसवताना जोर त्याच कड्यावर द्यावा लागतो. आतल्या कड्यावर दिला, तर तो छर्र्यांतून पलीकडे जातो आणि खाचांत बारीक खळगे पडतात. असे बेअरिंग पहिल्याच दिवसापासून घरघरते. आसाचा नटही कंपनीने ठरवलेल्या मापानेच, टॉर्क रेंचने आवळावा लागतो. तो सैल राहिला, तर चाक हलते. गाडी जॅकवर नीट टेकवून चाक वर-खाली धरून हलवले, की हे कळते.

आवाज नाही, पण ए.बी.एस.चा दिवा पेटून राहिला तर? अनेक गाड्यांत बेअरिंगच्या एका अंगाला चुंबकी कडे असते. त्यावरून संवेदक चाकाचा वेग मोजतो. बेअरिंग उलटे बसले, की संवेदकाला काहीच कळत नाही. नुसती पत्र्याची खरखर असेल, तर बहुधा ब्रेकच्या तबकडीमागचा पत्रा वाकून घासत असतो.

आवाजाकडे दुर्लक्ष करणे मात्र धोक्याचे. फार सैल झालेले बेअरिंग चाक निखळण्यासही कारण होऊ शकते.

आपल्या सायकलचे चाक उचलून सावकाश फिरवा आणि बाजूला हलवून पाहा. ते अडखळते का? डुगडुगते का? कारण शोधून काढा.