हिवाळ्यात विहाराचे दार उघडे ठेवा

अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. त्याच सुमारास नागपूर आणि चंद्रपूरच्या दीक्षाभूमीचे सोहळे आटोपतात. माणसे गावी परततात आणि दुसऱ्या दिवशी विळा घेऊन बांधीत उतरतात. मूल, सावली, सिंदेवाही हा सगळा धानाचा पट्टा. कापणी, भारे बांधणे, मळणी, पोती गिरणीपर्यंत पोचवणे, यात डिसेंबर कधी सरतो ते कळत नाही. जानेवारी लागला की कित्येक कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात निघतात. घरात म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे उरतात.

आणि नेमके याच दिवसांत आपले मोठे दिवस येतात. ६ डिसेंबर महापरिनिर्वाण दिन, २५ डिसेंबर मनुस्मृती दहन दिन, १ जानेवारी भीमा कोरेगावचा शौर्यदिन, ३ जानेवारी सावित्रीमाईंची जयंती, १४ जानेवारी नामविस्तार दिन, ७ फेब्रुवारी माता रमाई जयंती. हात सर्वांत जास्त गुंतलेले असतात तेव्हाच विहाराला माणसांची सर्वांत जास्त गरज असते. पुष्कळ गावांत मग ६ डिसेंबरला दार उघडते, मेणबत्त्या लागतात, आणि पुन्हा कुलूप पडते ते एप्रिलपर्यंत. या कुलपाबद्दल आज थोडे बोलायचे आहे.

सुटी नाताळची, दिवस आपलाही

२५ डिसेंबरला शाळेला सुटी असते. मुले विचारतात, "आज कशाची सुटी?" आपण म्हणतो, "नाताळची." उत्तर खरे आहे. ख्रिस्ती बांधव त्या दिवशी चर्चमध्ये जातात, त्यांना आपल्या शुभेच्छा असाव्यात. पण उत्तर अर्धे आहे. उरलेले अर्धे सांगण्याचे काम विहाराचे.

२५ डिसेंबर १९२७. महाडच्या सत्याग्रह परिषदेचा पहिला दिवस. परिषदेला गावात कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला तो गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी, जन्माने ब्राह्मण असलेल्या सहकाऱ्याने. अनुमोदन दिले पां. ना. राजभोज यांनी. रात्री मंडपासमोरच्या खड्ड्यात ते पुस्तक जळाले. कोणा माणसाच्या वाईटासाठी ती आग नव्हती. शूद्राला आणि स्त्रीला जन्मभर दुसऱ्याच्या ताब्यात ठेवणाऱ्या कायद्याला ती लावलेली होती.

त्याच परिषदेच्या अखेरीस बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. अंगावरच्या कपड्यालत्त्यातून आणि दागिन्यांतून जी जुनी ओळख लादली गेली ती टाका, नीट लुगडे नेसा, मुलांबरोबर मुलींनाही शिकवा, असे त्यांनी सांगितले. बायांनी ते लगेच मनावर घेतले. लुगडे नेसण्याची पद्धत तिथल्या तिथे बदलली.

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट. २५ डिसेंबर हा दिवस भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळावा, हा प्रस्ताव डिसेंबर १९९६ मध्ये चंद्रपूरला भरलेल्या विकास वंचित दलित महिला परिषदेत पुढे आला. मूलहून चंद्रपूर म्हणजे एसटीने तासा-दीड तासाचा रस्ता. इतक्या जवळ मांडलेली गोष्ट आपल्या किती लेकींना ठाऊक आहे?

माईकसमोर कोण?

स्त्रीमुक्ती दिनाच्या कार्यक्रमात सतरंजी कोण झाडते? खीर कोण शिजवते? भांडी कोण घासते? आणि माईकसमोर कोण बसते? ज्या दिवशी आपण बाईच्या बेडीचे पुस्तक जाळल्याची आठवण काढतो, त्याच दिवशी गावची बाई चुलीपुढे आणि भाषणे पुरुषांची, हे बरे दिसत नाही. एवढ्या एका दिवशी तरी उलटे करून पाहा. त्रिशरण-पंचशील बाईने म्हणवून घ्यावे, बावीस प्रतिज्ञा मुलीने वाचाव्यात, चहा आणि खीर तरुणांनी करावी. खीर थोडी करपली तर करपू द्या.

हे काही नवे खूळ नव्हे. श्रीलंकेत डिसेंबरच्या पौर्णिमेला, म्हणजे आपल्या मार्गशीर्ष पौर्णिमेला, संघमित्रेचे स्मरण करतात. सम्राट अशोकाची ही लेक बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्रापार अनुराधपुरास गेली आणि तिथे भिक्खुणी संघ सुरू झाला, असे तिथली परंपरा सांगते. बौद्ध जगात हिवाळ्यातली एक पौर्णिमा बाईच्या नावाने आहे. आपल्या विहारातही तिची ओळख व्हावी.

वेळ ठरवताना रान पाहा

डिसेंबरात साडेपाचनंतर दिवस मावळतो. मूल तालुक्यात रान गावाला लागून आहे आणि वाघाची भीती ही इथे कथेतली भीती नाही. माणसे गेली आहेत. संध्याकाळी सातचा कार्यक्रम ठेवला आणि वक्ते साडेआठला आले, तर टोल्यावरून पायी येणारी बाई येणार नाही. आली तर परत कशी जाईल? म्हणून ६ डिसेंबरचे अभिवादन पहाट फुटल्यावर, कामावर जाण्याआधी अर्ध्या तासात उरकावे. धान कापणाऱ्याला दादरची चैत्यभूमी गाठता येत नाही, रोजी बुडते. पण विळा घेऊन बांधीकडे जाताना तो विहारात वाकून जाऊ शकतो. २५ डिसेंबरचा कार्यक्रम दुपारी दोनला सुरू करून चारला संपवावा. कमी भाषणे, वेळेवर वंदना आणि उजेडी घरी.

मागे राहिलेली मुले

दर रविवारी विहारात जमावे हा बाबासाहेबांचा आग्रह होता. आई-वडील मिरचीला गेले की त्या रविवारची खरी गरज लागते ती आजीजवळ राहिलेल्या मुलाला. महाविद्यालयात शिकणाऱ्या एका ताईने किंवा दादाने रविवारी सकाळी एक तास द्यावा. पंचशील अर्थासह, पाढे, थोडे मोठ्याने वाचन आणि शेवटी विचारपूस: जेवला का, आठवडाभर शाळेत गेला का, आईचा फोन आला का? याला वर्गणी लागत नाही. एक चटई, एक फळा आणि कुलपाची किल्ली पुरते. ज्या मुलाची गैरहजेरी विहारात कुणाच्या लक्षात येते, त्याची शाळा सहसा सुटत नाही.

जाणाऱ्यांनीही वंदनेचे छोटे पुस्तक गाठोड्यात टाकावे. ७ फेब्रुवारी पुष्कळांना मिरचीच्या वावरातच उजाडेल. ज्या रमाईंचे वडील दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहत होते, ज्यांनी बाबासाहेब विलायतेत शिकत असताना मुंबईत काटकसरीने घर चालवले, त्यांची जयंती राहुटीत साजरी झाली म्हणून काही कमी होत नाही. आठ-दहा जणींनी पाच मिनिटे एकत्र बसून त्रिशरण-पंचशील घेतले की तिथे विहार झाला.

चंद्रपूरला १६ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षा घेणाऱ्यांत अशीच धान कापणारी, रोजीवर जाणारी माणसे होती. बाबासाहेब त्यानंतर दोन महिनेही आपल्यात राहिले नाहीत. पण त्या पहिल्या हिवाळ्यात लोकांनी धम्म टाकला नाही. तेव्हा बहुतेक गावांत विहार नव्हता, कुठे समाजाची झोपडी, कुठे झाडाखालची जागा. आज सिमेंटचे विहार आहेत, मूर्ती आहेत, निळे दार आहे.

येत्या विहार समितीच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवा. किल्ली कुणाकडे राहील, रविवारचा तास कोण घेईल आणि २५ डिसेंबरला वंदना कोणती बाई म्हणवून घेईल. नावे वहीत लिहा आणि ती वही विहारातच ठेवा.

जयभीम! नमो बुद्धाय!