घराच्या बाहेरील भिंतींस कोणते आवरण द्यावे?

पावसाळा सरला की खेड्यांतील घरांच्या डागडुजीस आरंभ होतो. सुगीचा पैसा हाती येताच पुष्कळ शेतकरी मातीच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा करून घेतात आणि घर पक्के झाले असे समजतात. वस्तुतः आतील भिंत मातीची असेल, तर हाच गिलावा तिच्या नाशास कारण होण्याचा संभव असतो. म्हणून आवरण निवडताना ‘सर्वांत टणक साहित्य कोणते?’ असे न विचारता ‘आतील भिंत कशाची आहे?’ असे प्रथम विचारावे.

भिंत व ओल

मातीची भिंत जमिनीतून ओल शोषून घेते आणि ऊन-वाऱ्याने ती बाहेर टाकते. ओलीने ती किंचित फुगते व सुकल्यावर आकसते. सिमेंटचा थर ताठर असल्याने तो भिंतीबरोबर फुगत वा आकसत नाही. त्यास बारीक चिरा पडतात. चिरांतून पाणी आत शिरते, परंतु गिलाव्याआड ते लवकर सुकत नाही. जोत्यालगतची माती आतल्या आत मऊ होत जाते. उघड्या मातीची झीज डोळ्यांस दिसते. सिमेंटखालील झीज दिसत नाही. बाहेरून धडधाकट भासणारी भिंत झडीच्या पावसात अकस्मात कोसळू शकते. भिंतीलगत माणसे निजतात, गुरे बांधलेली असतात; तेव्हा हा प्रश्न केवळ पैशाचा नाही.

भिंतीप्रमाणे आवरण

मातीची किंवा कच्च्या विटांची भिंत : हिला मातीचाच गिलावा योग्य होय. शेतातील काळी माती वापरू नये. ती वाळताना भेगाळते. पांढरी माती किंवा वाळूचा अंश असलेली तांबूस माती घ्यावी. तीत गव्हाचा भुसा अथवा भाताचा बारीक पेंढा मिसळून ती आठवडाभर भिजत ठेवावी व अधूनमधून तुडवावी. प्रथम हातभर जागेवर लेप देऊन पाहावा. वाळल्यावर भेगा पडल्यास वाळू किंवा भुसा वाढवावा.

पावसाचा मारा अधिक असेल तेथे रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने सुचविलेला डांबरमिश्रित मातीचा गिलावा करावा. सुमारे १.५ किलो डांबर वितळवून ते ३०० मिलिलिटर रॉकेलमध्ये सतत ढवळत ओतावे आणि हे मिश्रण ३० लिटर मळलेल्या मातीत एकजीव करावे. मात्र डांबर वितळल्यावर भांडे विस्तवापासून दूर न्यावे आणि मगच रॉकेलशी संबंध येऊ द्यावा. मुलांना जवळ फिरकू देऊ नये. गिलावा वाळल्यावर वरून शेणमातीने सारवावे.

भाजलेल्या विटांची भिंत : विटा चुन्यात किंवा सिमेंटमध्ये रचलेल्या असतील, तर चुन्याचा अथवा सिमेंटचा गिलावा चालेल. सिमेंटचा असल्यास एक भाग सिमेंटला सहा भाग स्वच्छ वाळू हे प्रमाण पुरेसे आहे. त्यावर निदान सात दिवस पाणी मारावे. चुना विरवताना तो उकळून उडतो, डोळे सांभाळावेत.

दगडी भिंत : मातीत रचलेल्या दगडी भिंतीवर सरसकट गिलावा करण्यापेक्षा सांध्यांत चुन्याने दर्जा भरणे श्रेयस्कर. कोकणातील चांगला जांभा हवेत उघडा राहिल्याने कठीण होतो. त्यास बहुधा गिलाव्याची गरजच पडत नाही.

कुडाची भिंत : कारवी किंवा बांबूच्या कुडास शेणमातीचा लेप पुरे. पावसाच्या बाजूस नारळाच्या झावळ्यांचे झाप बांधण्याची कोकणातील रीत स्वस्त व उपयुक्त आहे. झापाऐवजी पत्रा लावल्यास भिंत व पत्रा यांमध्ये चार बोटे अंतर ठेवावे, म्हणजे वारा खेळेल. ॲस्बेस्टॉसचा पत्रा टाळावा. त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसांस घातक असतात.

खर्चाचा क्रम

पैसा थोडा असल्यास तो पुढील क्रमाने खर्चावा. प्रथम छपराची वळचण भिंतीबाहेर दीड ते दोन फूट काढावी, म्हणजे पागोळ्या भिंतीवर पडणार नाहीत. नंतर जोत्याभोवतीच्या जमिनीस बाहेरच्या दिशेने उतार द्यावा. त्यानंतर पश्चिमेची व नैर्ऋत्येची भिंत हाती घ्यावी. आपल्याकडील मोसमी पाऊस बहुधा तिकडूनच मारा करतो. उरलेल्या भिंती पुढील साली केल्या तरी चालतील.

मातीच्या भिंतीवर सिमेंट आधीच चढवलेले असेल, तर जोत्यालगत ठोकून पाहावे. पोकळ आवाज आल्यास तेवढा गिलावा जपून काढावा, भिंत पुरती सुकू द्यावी आणि तेथे मातीचा गिलावा करावा. भिंत फुगलेली वा कललेली दिसल्यास माणसे व गुरे तिच्यापासून तत्काळ दूर हलवावीत आणि जाणत्याकडून तिची पाहणी करून घ्यावी.

आवरण म्हणजे बळ नव्हे, हेही ध्यानी ठेवावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व त्यांवरील मातीची जड धाबी कोसळून हजारो माणसे दगावली. अशा भिंतींचे दोष गिलाव्याने झाकले जातात, दूर होत नाहीत.

ग्रामकार्यकर्त्यांनी गावातील एका भिंतीवर दोन-तीन प्रकारचे गिलावे शेजारी शेजारी करून ठेवावेत. एक पावसाळा गेल्यावर कोणता टिकला, हे शेतकरी स्वतःच पाहतील.