भोज्ज्याला शिवलास का?

लहानपणी पळापळीचे खेळ खेळला नाही असा माणूस आपल्यात सापडायचा नाही. देवळाची पायरी, चावडीचा खांब नाहीतर वडाचे खोड हा भोज्जा ठरायचा. भोज्ज्याला हात लागला की गडी सुटला. मग भांडण व्हायचे ते एकाच गोष्टीवरून. एक म्हणायचा, "शिवलो मी!" दुसरा म्हणायचा, "न्हाई शिवला, लांबूनच वळला त्यो!" एखादा माणूस कुणाकडे जाऊन उभ्या उभ्या परत आला, तर आपण म्हणतो, नुसता भोज्ज्याला शिवून आला. व्यवहारात तेवढे शिवणे कमी पडते. खेळात मात्र सारा हिशेब त्या शिवण्यावरच असतो.

गडी पळाला, दमला, टोकापर्यंत गेलाही, पण वाटेतल्या खुणेला शिवला नाही. मग त्याची धाव धरायची की नाही? धरायची नसेल तर किती कापायची? आणि चूक दाखवायची कुणी? निरनिराळ्या खेळांनी या प्रश्नांची निरनिराळी उत्तरे दिली आहेत. शाळेच्या सामन्यात गुण लिहायला बसणाऱ्या शिक्षकांना आणि गावच्या स्पर्धेत पंच म्हणून उभे राहणाऱ्या मंडळींना ती ठाऊक असली पाहिजेत, कारण सामना जेवढा मैदानात होतो तेवढाच तो वहीतही होतो.

आपल्या ओळखीच्या खेळापासून सुरुवात करू. बारामती-इंदापूरच्या जिरायत भागात शाळू निघाला, रान मोकळे झाले की पोरे क्रिकेट मांडतात. फक्कीची रेघ ओढतात, बांध ही सीमा धरतात. बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मैदानावर फेब्रुवारी २०२० मध्ये रणजी करंडकाचा सामना झाला. तिथला नियम आणि या शाळूच्या रानातला नियम एकच. फलंदाज एक धाव पुरी करून दुसरीसाठी वळतो, तेव्हा त्याची बॅट किंवा अंगाचा काही भाग रेघेच्या आत जमिनीला टेकला पाहिजे. नुसती रेघेवर बॅट टेकली तर ती पुरत नाही. रेघेच्या पलीकडे गेली पाहिजे. तशी टेकली नाही तर ती अपुरी धाव. पंच हात कोपरात वाकवून बोटांची टोके त्याच बाजूच्या खांद्याला लावतो, ती हीच खूण.

आता वहीचा हिशेब पाहा. समजा, दोघे फलंदाज तीन वेळा पळाले आणि पहिल्या वळणावर एकाची बॅट रेघेच्या अलीकडेच राहिली. वहीत किती धावा लिहायच्या? दोन. पहिली धाव अपुरी, ती गेली. दुसरी धाव त्यामुळे थोडी आखूड पळाली खरी, पण ती पुरी झाली असेल तर ती धरायची. एका चुकीबद्दल एकच धाव कापायची. एकाच धावेत दोघांच्याही बॅटी अपुऱ्या राहिल्या, तरी कापायची एकच. इथे नवखा गुणलेखक हमखास फसतो. वहीत धावा दोन पडल्या म्हणून तो समजतो, फटका मारणारा आपल्या जागी परत आला. तसे नसते. पळाले ते तीन वेळा, म्हणून त्यांच्या जागा बदललेल्या असतात, आणि पुढचा चेंडू दुसरा फलंदाज खेळतो.

ही झाली चुकून घडलेली गोष्ट. पण फलंदाजाने मुद्दाम आखूड पळून धावा लाटायचा प्रयत्न केला, असे पंचाला वाटले तर शिक्षा कडक आहे. त्या चेंडूवर पळून काढलेल्या साऱ्या धावा रद्द होतात, फलंदाजांना मूळच्या जागी परत जावे लागते आणि प्रतिपक्षाला पाच धावा मिळतात. चूक आणि लबाडी यांत क्रिकेटने असा स्पष्ट फरक केला आहे.

एका धावेने काय बिघडते, असे कुणी म्हणेल. २० सप्टेंबर २०२० रोजी दुबईत दिल्ली आणि पंजाब या संघांचा आयपीएलचा सामना झाला. पंजाबच्या डावातल्या एकोणिसाव्या षटकात फलंदाज दोन धावा पळाले. पंचाने एक अपुरी ठरवली, म्हणून वहीत एकच पडली. दूरदर्शनच्या पडद्यावर मात्र बॅट रेघेच्या आत टेकलेली दिसत होती. सामना १५७-१५७ असा बरोबरीत सुटला आणि जादा षटकात पंजाब हरले. ती कापलेली धाव मिळती तर बरोबरीची वेळच आली नसती. पुढे २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय सामन्यांत, पुढचा चेंडू पडण्याआधी असा निर्णय तपासून दुरुस्त करण्याचा अधिकार तिसऱ्या पंचाला देण्यात आला.

कबड्डीत हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदानरेषा असते. चढाई करणाऱ्याने कुणाला स्पर्श केला नाही, तर निदान ही रेषा तरी एकदा ओलांडली पाहिजे. ती न ओलांडता तो परत फिरला तर तो बाद. क्रिकेटने धाव कापली आणि गडी राखला. कबड्डीने गडीच बाद केला. कारण उघड आहे. रेषा न ओलांडता नुसता दम घुमवून परत येणे म्हणजे वेळ काढणे, आणि कबड्डी वेळ काढू देत नाही.

क्रिकेट आणि कबड्डी या दोन्ही खेळांत ही चूक पंच स्वतः पाहतो आणि स्वतःच सांगतो. आता जरा परका खेळ घेऊ. परका म्हणायचे तेही तितके खरे नाही, कारण बेसबॉल आणि त्याचा धाकटा भाऊ सॉफ्टबॉल हे दोन्ही आता आपल्या राज्याच्या शालेय क्रीडास्पर्धांत खेळले जातात.

बेसबॉलचे मैदान म्हणजे पतंगासारखा उभा ठेवलेला चौकोन. चार कोपऱ्यांना चार भोज्जे. फलंदाज उभा राहतो तो घरचा भोज्जा. तिथून उजव्या हाताला पहिला, मग समोर दुसरा, डावीकडे तिसरा आणि परत घर. दोन भोज्ज्यांमधले अंतर नव्वद फूट. फटका मारला की बॅट टाकून पळायचे, आणि चारही भोज्ज्यांना क्रमाने शिवून घरी आले की एक धाव. पळणारा एखाद्या भोज्ज्यावर थांबूही शकतो. मग मागच्या फलंदाजाच्या फटक्यावर तो पुढे सरकतो. तीन गडी बाद झाले की त्या बाजूची पाळी संपली.

समजा, एका गड्याने दणदणीत फटका मारला. पहिल्या भोज्ज्याला तो शिवला, दुसऱ्यावरून जाताना त्याचे पाऊल चार बोटे बाजूला पडले, आणि तो तिसऱ्यावर जाऊन उभा राहिला. पंचाने ते डोळ्यांनी पाहिले. आता पंच काय करील? काहीच नाही. तो गप्प उभा राहील.

ऐकून नवल वाटेल, पण बेसबॉलचा नियमच तसा आहे. भोज्जा चुकल्याची तक्रार प्रतिपक्षाने करायची असते. चेंडू हातात घेऊन त्या चुकलेल्या भोज्ज्याला किंवा त्या गड्याला चेंडूसह शिवायचे आणि पंचाला सांगायचे, "हा इथे शिवला नाही." पंचाने चूक पाहिली असेल तर तो तेव्हा बाद देईल. आणि हे सारे पुढचा चेंडू टाकण्याच्या आत झाले पाहिजे. पुढचा चेंडू पडला की तक्रार मिटली. मग तो गडी दुसऱ्या भोज्ज्याला जणू शिवलाच होता.

हा अन्याय आहे का? घाईने मत देऊ नका. क्रिकेटमध्येही अपील केल्याशिवाय पंच कुणाला बाद देत नाही. चेंडू बॅटीची कड घेऊन यष्टिरक्षकाच्या हातात गेला, तरी विचारल्यावाचून पंचाचे बोट वर जात नाही. बेसबॉलने भोज्जा चुकणाऱ्यालाही तोच न्याय लावला आहे. पळणाऱ्याने आपली पावले सांभाळावीत, राखणाऱ्याने आपले डोळे उघडे ठेवावेत, आणि पंचाने विचारले तर खरे सांगावे. पळणाऱ्यालाही चूक सुधारायची संधी आहे. वेळीच ध्यानात आले तर आल्या वाटेने उलटे जाऊन त्याने चुकलेला भोज्जा शिवावा. पण त्याच्या मागून येणारा गडी घरी पोचून धाव करून बसला असेल, तर ती संधी गेली.

एकाच्या चुकीचे फळ दुसऱ्याने भोगायचे का, हा पुढचा प्रश्न. समजा, दुसऱ्या भोज्ज्यावर एक गडी आहे आणि फलंदाजाने चेंडू पार कुंपणाबाहेर मारला. दोघेही घरी आले, पण पुढचा गडी तिसऱ्या भोज्ज्याला शिवायचा राहिला. प्रतिपक्षाने तक्रार केली आणि तो बाद झाला. त्याआधी एकच गडी बाद असेल, तर मागच्या फलंदाजाची धाव धरायची. त्याने काही चूक केलेली नाही. पण आधीच दोन बाद असतील, तर पुढचा गडी हा तिसरा बाद, आणि त्याच्या मागून आलेल्याची धाव रद्द. पाळी संपल्यावर पळालेली धाव कोण धरील?

त्याहून कडक नियम सक्तीच्या भोज्ज्याचा आहे. मागचा गडी येतो म्हणून पुढच्याला आपला भोज्जा सोडून पुढे जावेच लागते, तेव्हा त्याच्यावर सक्ती असते. अशा सक्तीत तिसरा गडी बाद झाला, तर त्या फटक्यावर कुणाचीच धाव धरत नाहीत, आधी घरी पोचलेल्याचीही नाही.

या नियमापायी अमेरिकेत एक सामना इतिहासात जाऊन बसला. तारीख २३ सप्टेंबर १९०८. न्यूयॉर्क आणि शिकागो या संघांची १-१ अशी बरोबरी, शेवटची पाळी, दोन गडी बाद. न्यूयॉर्कचा एक गडी तिसऱ्या भोज्ज्यावर, आणि पहिल्यावर फ्रेड मर्कल नावाचा १९ वर्षांचा पोरगा. फटका बसला, तिसऱ्यावरचा गडी घरी आला, लोक जिंकलो म्हणून मैदानात घुसले. ते पाहून मर्कल दुसऱ्या भोज्ज्यापर्यंत न जाता वाटेतूनच वळला. त्या काळी बरेच खेळाडू असेच करीत. पण शिकागोच्या जॉनी एव्हर्सने चेंडू मागवला, दुसऱ्या भोज्ज्यावर पाय ठेवला आणि पंचाकडे दाद मागितली. मर्कल बाद ठरला. तो सक्तीचा भोज्जा होता, म्हणून घरी आलेली धावही गेली. सामना बरोबरीत धरला. ८ ऑक्टोबरला तो पुन्हा खेळावा लागला. शिकागोने तो ४-२ असा जिंकला आणि त्या वर्षीचे साखळीचे अजिंक्यपद मिळवले.

यातली खरी गोम पुढेच आहे. त्याच महिन्याच्या ४ तारखेला पिट्सबर्गच्या सामन्यात एव्हर्सने हीच दाद याच पंचाकडे मागितली होती. पंचाचे नाव हँक ओडे. तेव्हा पंचाने ती नाकारली, कारण त्याने त्या भोज्ज्याकडे पाहिलेच नव्हते. पुढच्या वेळी मात्र त्याने पाहिले. नियम दोन्ही दिवशी पुस्तकात तोच होता. फरक पडला तो नजरेत.

आता शेवटी गुणलेखकाची वही. माझ्या मते बेसबॉलच्या नियमांतला सर्वांत समजूतदार नियम इथे आहे. फटका चांगला मारला, पण भोज्जा चुकून गडी बाद झाला, तर त्याच्या नावावर काय लिहायचे? सारेच पुसायचे का? नाही. तो शेवटी ज्या भोज्ज्याला खरोखर शिवला, तेवढा फटका त्याच्या नावावर लिहायचा. घरचा भोज्जा चुकला तर तिहेरी फटका, तिसरा चुकला तर दुहेरी, दुसरा चुकला तर एकेरी. आणि पहिलाच चुकला तर फलंदाजीची संधी खर्ची पडली असे मांडायचे, फटका मात्र नाही. चेंडू किती लांब गेला किंवा गडी कुठवर पोचला, हे गुणलेखक विचारीत नाही. तो एवढेच पाहतो की गडी क्रमाने कुठवर शिवत गेला. चुकीपुढचे सारे जाते, चुकीआधीचे कष्ट मात्र राहतात.

शिक्षकांनी आपल्या मैदानावर तीन गोष्टी कराव्यात. सामन्याआधी रेघा आणि भोज्जे पुन्हा आखून घ्यावेत. पुसट रेघ ही भांडणाची आई. पंच चेंडूच्या मागे न पाहता पळणाऱ्याच्या पावलांकडे पाहील, अशी वाटणी आधीच करावी. आणि गुणलेखकाने कुणाच्या आरडाओरड्यावरून काही लिहू नये. पंचाची खूण पाहावी, मग लेखणी टेकावी. एकदा लिहिलेले खोडायचे झाले, तर पंचाला विचारून, दोन्ही संघांच्या समोर खोडावे.

हे सोपे वाटते. पण आपल्याच शाळेचा मुलगा पळतो आहे, सारा गाव बांधावर बसून ओरडतो आहे, एका धावेने चषक आपला होणार आहे, आणि त्याची बॅट रेघेच्या अलीकडे राहिलेली आपण पाहिली आहे, अशा वेळी वहीत एक धाव कमी लिहायची म्हणजे मन घट्ट करावे लागते. मुले खेळत असतात तशी आपल्याकडे पाहतही असतात. गुरुजींनी काय लिहिले, ते त्यांना चषकापेक्षा जास्त दिवस आठवते.