समान आकडे, निराळी कारणे

२० मे २०२५ रोजी खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर गेले. मृत्युलेखांत दोनच वाक्ये पुन्हा पुन्हा आली: त्यांनी आइन्स्टाइनला आव्हान दिले आणि महास्फोटापुढे त्यांचे स्थिर-स्थिती विश्व टिकले नाही. केंब्रिजमधले त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांच्यासह १९६४ साली मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त नेमका काय सांगतो, हे कुणी लिहिले नाही. याचा मला राग आहे.

१९६४चा गाजावाजा आणि पुढच्या वर्षीचे पद्मभूषण सर्वांना पाठ आहे. माझ्या मनात घर करून आहे ते पुण्यातले नव्वदचे दशक. त्यांनी उभारलेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था नवी होती. १९९२ मध्ये कोबे उपग्रहाने विश्वाच्या पार्श्वप्रारणातले सूक्ष्म चढउतार टिपले आणि महास्फोटाचा वाद संपल्याची द्वाही फिरली. तरीही १९९३ मध्ये नारळीकर आणि खगोलशास्त्रज्ञ हाल्टन आर्प यांनी १९६४च्या सिद्धान्तावरूनच वेगळे चित्र मांडले. अवकाश सपाट, प्रसरण नाही. कणांचे वस्तुमान मात्र काळाबरोबर वाढते. पूर्वीचे इलेक्ट्रॉन हलके, म्हणून त्या काळी निघालेल्या प्रकाशाची तरंगलांबी जास्त. दीर्घिकांचा प्रकाश तांबड्याकडे सरकलेला दिसतो तो यामुळे. वस्तुमान सगळीकडे सारखे राहील असे माप निवडले, की हीच समीकरणे आइन्स्टाइनची होतात आणि विश्व पसरू लागते.

"आकडे तेच, मग नवे काय?" असे एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी तेव्हा मला सुनावले होते. नवे बरेच होते. आइन्स्टाइनच्या सिद्धान्तात रिकाम्या विश्वातल्या एकट्या कणालाही वस्तुमान असते. हॉईल-नारळीकरांनी भौतिकशास्त्रज्ञ माखचा विचार धरला: वस्तुमान इतर सर्व कणांमुळे येते, एकट्याला ते नाहीच. गुरुत्व आकर्षकच का, हे आइन्स्टाइनला अनुभवावरून घालावे लागते. इथे ते सिद्धान्तातूनच निघते. शिवाय वस्तुमान शून्य होते तिथे ते सगळीकडे सारखे ठेवणारे माप निवडताच येत नाही, आणि आइन्स्टाइनच्या विश्वाचा आरंभ नेमका तिथेच येतो. नव्या, हलक्या कणांतून क्वेसार हे तेजस्वी खगोल घडतात हा आर्प यांचा दावा बहुतेकांना पटला नाही, मलाही नाही. पण त्याने वरचे मुद्दे खोटे ठरत नाहीत.

आज मोबाइलवर दर आठवड्याला कुणीतरी आइन्स्टाइनला हरवतो. त्या गर्दीत नारळीकरांना बसवणे हा अन्याय आहे. दोन सिद्धान्त समतुल्य ठरवताना आकडे जुळतात का एवढेच पाहून भागत नाही. कशाला कारण म्हटले आहे आणि जुळणी कुठे तुटते, हेही तपासावे लागते. त्यांच्यावर लिहिणाऱ्याने किमान एवढे कष्ट घ्यायलाच हवेत.