खोकलं की लघवी निसटते? वय झालं म्हणून सोडून देऊ नका

छत्रपती संभाजीनगर : खोकला आला, शिंक आली किंवा कापसाचं गाठोडं उचललं की थोडी लघवी निसटते. पन्नाशी-साठीच्या अनेक बायांना हा त्रास असतो, पण लाजेपोटी त्या लेकी-सुनांनाही सांगत नाहीत. एसटीचा प्रवास टाळतात, लग्नकार्याला जात नाहीत. खरं तर बऱ्याच जणींचा त्रास साध्या व्यायामाने कमी होतो.

कशामुळे होतं?

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय आणि गर्भाशय तिच्या आधाराने राहतात. बाळंतपणं, पाळी जाणं, वाढलेलं वजन, जुना खोकला, बद्धकोष्ठता यामुळे ही झोळी सैल पडते.

दिवसभर शेतात राबतो, मग वेगळा व्यायाम कशाला, असं वाटेल. पण ओझं उचलताना पोटातला दाब खाली येतो. त्याने झोळी बळकट होत नाही, उलट ताणली जाते. तिचा व्यायाम वेगळाच करावा लागतो. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये तो मांडला.

व्यायाम असा करा

- लघवी आणि गॅस रोखताना जे स्नायू आवळतो, तेच आत-वर ओढा. पोट-मांड्या ढिल्या ठेवा, श्वास रोखू नका.
- पाच सेकंद धरा, तेवढाच वेळ सोडा. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत जा.
- एका वेळी आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा.
- खुर्चीवरून हात न टेकवता दहा वेळा उठा-बसा. मांड्यांत बळ आलं की घाईच्या वेळी संडासापर्यंत लवकर पोचता येतं.
- हंडा उचलण्याआधी स्नायू आवळा, उचलताना श्वास सोडा.

लघवी करताना मध्येच थांबवून रोज सराव करू नका. फरक दिसायला तीन महिने तरी लागतात, आठ दिवसांत सोडू नका.

पाणी तोडू नका

पाणी कमी प्यायलं की लघवी घट्ट होते. त्याने घाई आणि बद्धकोष्ठता वाढते. कमी करायचाच तर चहा करा.

डॉक्टरकडे कधी?

लघवीत रक्त, जळजळ, ताप, अंग बाहेर येणं किंवा लघवी सतत गळणं असेल तर थांबू नका. साखरही तपासून घ्या. आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. गरज पडल्यास शहरात घाटी रुग्णालयाचा स्त्रीरोग विभाग आहे.

आई किंवा सासू गावाला यायचं टाळत असेल, तर सुनेने-लेकीने एकदा जवळ बसून विचारावं.